फोल्डर आहे, पण आत काय आहे?

‘तुमचं स्टोरेज भरत आलंय’ असा निरोप फोनवर झळकला की बहुतेक घरांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. आपण स्वयंपाकघरातून हाक मारतो, ‘अरे बघ रे जरा, काय म्हणतोय हा फोन!’ मुलगा कानातलं न काढता हात पुढं करतो, दोन मिनिटं अंगठा वर-खाली फिरवतो आणि फोन परत देतो. ‘झालं गं आई.’ काय झालं, कुठलं गेलं, कुठलं राहिलं, हे विचारायची सोय नाही. विचारलंच तर उत्तर तयार, ‘तुला नाही कळायचं ते.’

मैत्रिणींनो, मला वाटतं ते आपल्याला कळायला हवं. आणि कळण्यासारखंच आहे. जिनं वर्षानुवर्षं माळ्यावरची अडगळ, फडताळातले डबे, ट्रंकेतले कपडे आणि सासर-माहेरच्या आहेराचा हिशेब डोक्यात ठेवला, तिला क्लाउडमधले फोल्डर समजणार नाहीत असं म्हणणं म्हणजे अतीच झालं. क्लाउड म्हणजे ढग-बिग काही नाही. कुठल्या तरी कंपनीच्या मोठाल्या कॉम्प्युटरवर आपल्याला मिळालेली एक खोली. आपले फोटो, कागद, पत्रं तिथं राहतात. फोन हरवला, पाण्याच्या बादलीत पडला, तरी ती तिथं असतात. त्या खोलीत सामान लावायला जे कप्पे करायचे ते फोल्डर. एवढंच.

हल्ली ह्या खोलीची साफसफाई करायचं खूळ बरंच वाढलंय. दिवाळीच्या आधी घर झाडतो तसं ‘डिजिटल घर’ झाडा म्हणे. त्यात एक सल्ला हमखास असतो, की आधी रिकामे फोल्डर काढून टाका, जागा होईल. तर पहिल्यांदा हे सांगून टाकते की जागा होत नाही. गुगल ड्राइव्हच्या हिशेबात रिकाम्या फोल्डरचं वजन शून्य. शंभर काढलेत तरी तो निरोप काही हलायचा नाही.

जागा कशानं भरते ते वेगळंच आहे. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते. मेल, ड्राइव्ह आणि फोटो, तिघांना मिळून. ही एकत्र वाटणी २०१३ पासूनची. फोटोंना पूर्वी एक सवलत होती, थोडा दर्जा कमी करून ठेवले तर ते हिशेबात धरत नसत. ती १ जून २०२१ ला संपली. त्याआधीचे फोटो माफ, नंतरचे सगळे मोजले जातात. पुढं २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा ह्याच १५ जीबीत धरायला लागले. म्हणजे चुलत जावेच्या ग्रुपवरचा सुप्रभात, त्याचा गुलाब आणि वर बसलेला पोपट, हे सगळं आपल्याच खोलीत येऊन बसतं. जागा हवी असेल तर तिकडं बघा. ड्राइव्हच्या मेनूत ‘स्टोरेज’ म्हणून आहे तिथं कुठल्या विभागानं किती खाल्लं ते दिसतं. कॉम्प्युटरवर उघडलंत तर सगळ्यात जड फाइल सगळ्यात वर अशी यादीच मिळते. लग्नाचा एक व्हिडिओ काढला की हजार गुलाबांची जागा होते.

मग रिकाम्या फोल्डरकडं बघायचंच कशाला? मला विचाराल तर बघायचं, आणि अगदी जरूर बघायचं. पण जागेसाठी नाही. त्यांच्यावरच्या नावांसाठी.

स्वयंपाकघरात ‘रवा’ लिहिलेला डबा रिकामा असेल तर आपल्याला तो उचलल्या उचलल्या कळतो. हलवून बघतो, वाजतो की नाही ते ऐकतो. फोल्डर हलवता येत नाही. भरलेला आणि रिकामा, दोन्हींचं चित्र तेच, रंग तोच. वर ‘महत्त्वाची कागदपत्रं’ असं नाव दिसलं की मनाला वाटतं, चला, कागदपत्रं आहेत. घरातल्या सगळ्यांनाच तसं वाटतं. कुणी उघडून बघत नाही, कारण नाव वाचूनच काम झाल्यासारखं वाटतं.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंच्या बाबतीत हेच झालं. काका हौशी. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि ड्राइव्हवर व्यवस्थित फोल्डर केले. ‘विमा’, ‘घरपट्टी’, ‘बँक’, ‘पेन्शन’, ‘दवाखाना’. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. काकूंना म्हणायचे, ‘उद्या मी नसलो तरी तुला कुठं शोधायला नको.’ काका अचानक गेले. दिवस झाल्यावर मुलीनं त्यांचा फोन उघडला, ड्राइव्ह उघडलं. पाच फोल्डर होते. ‘घरपट्टी’त दोन पावत्या होत्या. बाकी चार रिकामे. पुढं कधीतरी स्कॅन करून टाकू असं त्यांच्या मनात असणार, ते राहून गेलं. काकूंना ह्याची कल्पनाच नव्हती, कारण पाचही नावं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. विम्याची पॉलिसी शेवटी सापडली ती बँकेच्या जुन्या पासबुकातून. दरवर्षी एकाच महिन्यात एक ठरावीक रक्कम जात होती, तिच्यावरून मुलीनं माग काढला. तीन महिने गेले त्यात. त्या तीन महिन्यांत काकू मला एकदाच म्हणाल्या, ‘फोल्डर नसते ना, तर मी त्यांना कधीतरी विचारलं असतं गं, कागद कुठं ठेवलेत म्हणून.’

ह्या वाक्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. नुसती अडगळ असती तर मी म्हटलं असतं, राहू द्या पडलेली. पण रिकामा फोल्डर आपल्याला विचारायचंच विसरायला लावतो.

आता हे रिकामे फोल्डर येतात कुठून? काही काकांसारखे, हौसेनं केलेले आणि भरायचे राहिलेले. काही असे, की आतलं सामान आपण दुसरीकडं हलवलं आणि जुनं टोपलं तसंच मागं राहिलं. आणि काही आपण केलेलेच नसतात. करोनाच्या वेळी, २०२० आणि २०२१ मध्ये, शाळा फोनवर भरत होत्या ते आठवतंय ना? कितीतरी घरांत पोरांचा वर्ग आईच्या फोनवर आणि आईच्याच खात्यावर चालला. गुगल क्लासरूम वापरलं असेल तर ते आपल्या ड्राइव्हमध्ये ‘क्लासरूम’ नावाचा फोल्डर आपोआप करतं आणि त्याच्या आत प्रत्येक वर्गाचा वेगळा. पोरगं दहावी पार करून बाहेरगावी शिकायला गेलं तरी आईच्या ड्राइव्हमध्ये ‘इयत्ता पाचवी विज्ञान’ बसलेलंच आहे. ते बघून एखादीला गहिवरून येईल, एखादीला त्या दिवसांतली चिडचिड आठवेल. काढायचं की ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

शोधायचे कसे, तर इथं जरा वैताग आहे. ‘रिकामे फोल्डर दाखवा’ असं बटण ड्राइव्हमध्ये नाही. इतकी मोठी कंपनी, पण एवढी साधी सोय दिलेली नाही. त्यामुळं हातानं बघावं लागतं. शोधाच्या चौकटीत प्रकार निवडायची सोय असते, त्यात ‘फोल्डर’ निवडायचं. किंवा इंग्रजीत ‘टाइप’ हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून ‘फोल्डर’ असं लिहायचं. मग फाइली बाजूला राहून नुसते फोल्डर समोर येतात. एकेक उघडायचा. बहुतेकींकडं वीस-तीसच्या वर नसतात, दुपारच्या चहाच्या आत काम होतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. डब्यात डबा, त्यात डबी, असा प्रकार इथंही असतो. वरचा फोल्डर भरलेला दिसतो, कारण आत चार फोल्डर आहेत. पण ते चारही रिकामे! म्हणून काढताना आतून बाहेर यायचं. सगळ्यात आतली डबी आधी बघायची, मग तिच्या बाहेरचा डबा. उलट बाजूनं सुरुवात केली, की वरून मोकळा वाटलेला फोल्डर उचलला आणि त्याच्या तिसऱ्या पोटात सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद होते, असं व्हायला वेळ लागत नाही. तसं झालंच तर घाबरू नका. काढलेली वस्तू ड्राइव्हच्या बिनमध्ये ३० दिवस राहते, तिथून परत आणता येते. त्यानंतर मात्र ती आपोआप कायमची जाते. पूर्वी बिनमधलं सामान आपण रिकामं करेपर्यंत तिथंच पडून राहायचं, २०२० च्या ऑक्टोबरपासून हा नियम बदलला. अजूनही काही जणी बिनलाच माळा समजून तिथं वस्तू ठेवतात, त्यांनी सावध व्हावं.

फोल्डर शेकड्यानं असतील, म्हणजे तुम्ही शिक्षिका असाल किंवा ऑफिसचं काम त्याच खात्यावर करत असाल, तर हातानं होणार नाही. कॉम्प्युटर शिकणारी भाची-पुतणी घरात असेल तर तिला सांगा. गुगलचंच ‘ॲप्स स्क्रिप्ट’ आहे त्यात छोटासा प्रोग्रॅम लिहून रिकाम्या फोल्डरची यादी काढता येते. ‘आरक्लोन’ नावाचं एक फुकट साधन आहे, त्यात रिकामे फोल्डर काढायची आज्ञाच आहे. आणि काढण्याआधी नुसतं काय काय निघेल ते दाखवायचीही सोय आहे. ती आधी वापरायला लावा. पोरी हुशार असतात, पण घाई करतात.

बाकी ‘एका क्लिकमध्ये तुमचं ड्राइव्ह साफ’ म्हणणारी जी ॲप असतात, त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. साफ करायचं म्हणजे त्यांना आत यायची परवानगी द्यायची. परवानगी मागताना ते सरळ विचारतात, तुमच्या ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइली बघू, बदलू, काढू का? आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. भांडी घासायला आलेल्या अनोळखी बाईच्या हातात आपण कपाटाची किल्ली देतो का? गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये, सुरक्षिततेच्या भागात, कुठल्या-कुठल्या बाहेरच्या ॲपला आपण शिरकाव दिलाय त्याची यादी असते. एकदा उघडून बघाच. कधीकाळी खेळलेला एखादा गेम, कुठलं तरी फोटो सुंदर करायचं ॲप, सगळे तिथं पाय पसरून बसलेले दिसतील. त्यांना बाहेर काढायला काही लागत नाही.

बचत गटवाल्या मैत्रिणींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. हल्ली बऱ्याच गटांत एखादी उत्साही ताई असते, ती ड्राइव्हवर गटाचा फोल्डर करते, त्यात बारा महिन्यांचे बारा फोल्डर, आणि सगळ्यांना शेअर करते. पहिले दोन महिने इतिवृत्ताचे, वहीच्या पानांचे फोटो पडतात. मग सुगी येते, लग्नसराई येते, आणि जूनपासून पुढचे सगळे महिने कोरे. बँकेत कर्जाच्या फाइलसाठी मागच्या वर्षीचं कामकाज दाखवा म्हटलं की सगळ्या एकमेकींकडं बघतात. ‘ड्राइव्हवर आहे ना गं?’

त्यात शेअर केलेल्या फोल्डरची एक गंमत आहे, जी माहीत असलेली बरी. फोल्डर एकीचा असला तरी आत टाकलेली फाइल ती टाकणारीच्याच मालकीची राहते आणि तिच्याच १५ जीबीत मोजली जाते. तिनं आपली जागा मोकळी करायला म्हणून ती फाइल काढली, की सगळ्यांचाच फोल्डर रिकामा. कुणाची चूक म्हणायची? म्हणून शेअर केलेला फोल्डर रिकामा दिसला तर आधी फोन करा, ‘अगं, तू काही काढलंस का?’ ३० दिवसांच्या आत विचारलंत तर परत मिळायची आशा आहे. आणि उलट बाजूही बघा. तुमच्या मालकीचा फोल्डर तुम्ही काढून टाकलात आणि त्यात दुसरीच्या फाइली असल्या, तर त्या तिच्याच राहतात, पण कुठं गेल्या ते तिला दिसेनासं होतं. घर पाडलं आणि भाडेकरूचं सामान रस्त्यावर आलं, तशातली गत. अशा बेघर फाइली शोधायची एक युक्ती आहे. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘इज’ लिहून कोलन आणि ‘अनऑर्गनाइज्ड’, मग एक जागा सोडून ‘ओनर’, कोलन, ‘मी’ असं लिहायचं. भटकत असलेल्या सगळ्या फाइली पुढं येतात. गटाच्या मासिक बैठकीत वही लिहून झाली की त्याच वेळी पानाचा फोटो टाकायचा आणि फोल्डर उघडून सगळ्यांना दाखवायचा, एवढं जरी ठरवलं तरी पुरे.

आता मुद्द्याचं बोलते. ही खोली नक्की कुणाची?

२०२४ च्या जुलैत ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हाची धांदल आठवा. आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, हमीपत्र. अंगणवाडीत, सेतूत, झेरॉक्सच्या दुकानात रांगा. त्या गडबडीत कितीजणींचे कागद कुणाकुणाच्या फोनमधून फिरले! कुणाचं मेलचं खातं सायबर कॅफेतल्या पोरानं उघडून दिलं, पासवर्डही त्यानंच ठरवला, आणि बाईनं तो एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवला. चिठ्ठी कधीच भिजली. आता त्या खात्यावर तिचे कागद आहेत, तिचे फोटो आहेत, पण किल्ली तिच्याकडं नाही. आणि जिच्याकडं किल्ली नाही तिनं फोल्डर आवरायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळं साफसफाईची सुरुवात इथून करा. खातं कुणाच्या नंबरवर आहे? पासवर्ड विसरला तर निरोप कुणाच्या फोनवर जातो? तो नंबर अजून चालू आहे का, की रिचार्ज न केल्यानं केव्हाच बंद पडला? हे तीन प्रश्न मी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनाही विचारले आहेत. उत्तर देताना निम्म्याजणी नवऱ्याकडं बघतात.

दुसरं, शेअरिंगची सेटिंग बघा. फोल्डरवर ‘लिंक असलेला कोणीही’ असं लिहिलेलं असेल तर ती लिंक ज्याच्या हातात पडेल तो आतलं बघू शकतो, त्याला तुमची वेगळी परवानगी लागत नाही. लग्नाच्या फोटोंसाठी ते ठीक आहे. आधार कार्ड, पॅन कार्ड असलेल्या फोल्डरला ते अजिबात नको. काही जणी म्हणतात, आम्ही हे कागद क्लाउडवर ठेवतच नाही, कापडी पिशवीत गाठ मारून ठेवतो. मला ती पिशवी आवडते. मूळ कागद पिशवीतच हवा. पण पिशवी एकच असते आणि घरात पाणी शिरतं, उंदीर लागतात, घर बदलतं. सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे, तिथं आधार, गुणपत्रिका, गाडीचे कागद त्या-त्या खात्याकडूनच येतात, ते वापरा. एका ठिकाणी मूळ, दुसऱ्या ठिकाणी प्रत. आपल्या आज्या दागिने एकाच डब्यात ठेवायच्या नाहीत, ते काय उगीच?

काहीजण असंही म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, महिन्याला थोडे पैसे भरा आणि जास्त जागा घ्या. घ्या ना. गुगलचा पैसे भरायचा प्लॅन घरातल्या आणखी पाचजणांबरोबर वाटून घेता येतो, तेही चांगलंच आहे. पण मग पैसे कुणाच्या कार्डावरून जातात, तो भरायचा विसरला तर काय, हे माहीत असू द्या. प्लॅन संपला आणि सामान १५ जीबीच्या वर असलं, की नवीन फोटो चढत नाहीत, मेल येणं थांबतं. पोरीच्या परीक्षेचं हॉल तिकीट मेलवर येणार असेल तर नेमकं तेव्हा. आणि ही मर्यादा दोन वर्षं ओलांडलेलीच राहिली तर कंपनी सामान काढून टाकू शकते, असा त्यांचा नियम आहे. आणि जागा कितीही घेतली तरी ‘विमा’ फोल्डर रिकामा तो रिकामाच.

आणखी एक. हे सगळं वाचून घरातल्या कुणी ‘वा, आई आता डिजिटल सफाईपण करणार’ असं म्हटलं, तर तिथंच थांबवा. माळा आपण झाडतो, पंखे आपण पुसतो, आता क्लाउडही आपल्याच गळ्यात? नाही. ज्यानं फोल्डर केला त्यानं तो भरावा. आमच्या घरी ‘गाडी’ आणि ‘शेतीचे उतारे’ हे दोन फोल्डर ह्यांनी केलेले आहेत. ते भरलेत की नाही हे मी विचारते, भरत नाही. विचारायचं काम मात्र सोडायचं नाही, त्या काकूंना आठवून तरी.

सगळेच रिकामे फोल्डर काढायचे असंही नाही हं. एका मैत्रिणीच्या ड्राइव्हमध्ये ‘आजीच्या ओव्या’ नावाचा फोल्डर आहे, चार वर्षं झाली, कोरा. आजी नव्वदीच्या घरात, मावळात असते. जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या तिला अजून पाठ आहेत, फक्त कुणी समोर बसून ऐकायला हवं. मैत्रीण म्हणाली, ‘काढून टाकते, लाज वाटते बघून.’ मी म्हटलं, काढू नकोस, लाज वाटू दे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. घरोघर जाऊन, लिहून, रेकॉर्ड करून. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं २०१७ पासून त्या लोकांसमोर आणल्या, आज कुणालाही फोनवर ऐकता येतात. त्यांनी परक्यांच्या आज्यांकडं बसून एवढं केलं, आपल्याला एका आजीसाठी एक सुट्टी काढता येत नाही? मैत्रीण मागच्या महिन्यात जाऊन आली. सात ओव्या मिळाल्या. मधेच कुकरच्या शिट्ट्या आहेत, कोंबडं आहे, आजी ‘बंद कर गं ते’ म्हणतेय तेही आहे. फोल्डर आता रिकामा नाही.

शेवटी एक सोय सांगते, फार थोड्यांना माहीत असते. दोन वर्षं एखादं गुगल खातं कुणी उघडलंच नाही तर ते सगळ्या सामानासकट काढून टाकायचा नियम कंपनीनं केलाय, २०२३ च्या डिसेंबरपासून तो लागू आहे. गेलेल्या माणसाचं खातं, परदेशी गेलेल्या मुलाचं जुनं खातं, आपण हौसेनं उघडून विसरलेलं दुसरं खातं, सगळ्यांना तो लागतो. म्हणून अशा खात्यांत अधूनमधून डोकावून यावं. आणि आपल्या स्वतःच्या खात्यासाठी ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सेटिंग आहे. आपण ठरावीक महिने खातं वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि त्यांना काय काय बघायला द्यायचं, हे तिथं आधीच लिहून ठेवता येतं. तीन महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुदत ठरवता येते, आणि दहा जणांपर्यंत नावं देता येतात. फोटो एकीला, कागद दुसरीला, अशी वाटणीही करता येते. मी दोन नावं घातली आहेत, धाकटी बहीण आणि मुलगी. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, ‘बरं केलंस. माझ्यात तुझं घालू का?’ घाला म्हटलं. अजून घातलेलं नाही. येत्या रविवारी ‘शेतीचे उतारे’ उघडायला बसवणार आहे, तेव्हा तेही करून घेईन.